झाकलेला चिखल

आटपाट रान होतं. तिथं भागी नावाची सशीण आणि तिची पिल्लं राहत. भागी लंगडी, तीन पायांवर चालायची. ज्याला कुणी नाही, त्याला रानाच्या कोठारातून दाणे मिळत. दाणे घेताना अंगणातल्या ओल्या चिखलात, आपापल्या चौकोनात, पाय उमटवायचे. काय दिवस होते ते! येता-जाता सगळे तो चिखल बघत. कुणाचे पाय दिसले नाहीत, तर "बरं नाही का गं?" म्हणत बिळापाशी येत.

पुढं उदमांजर कोठारी झालं. त्यानं चिखलावर पानं पसरली. म्हणालं, "गरिबाची लाज झाकावी."

एकदा भागी दाणे न्यायला गेली, तर ते म्हणालं, "तू कालच नेलेस की!"

घरी पिल्लं उपाशी. भागी तिथंच बसली. "लाज माझीच ना, दादा? मग सार ती पानं. बघू दे सगळ्यांना."

तिचा आवाज ऐकून येणारे-जाणारे अंगणात जमले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या सांबरानं शिंगानं पानं सारली. भागीच्या चौकोनात चारी पाय उमटले होते, तेही उदमांजराचे, गोल गोल.

"अगं बाई," भागी म्हणाली, "मला चौथा पाय कधी फुटला?"

सगळे खो खो हसले. उदमांजर शेपूट आवळून पळालं ते पळालंच. भागीला तिचा वाटा मिळाला. पिल्लं पोट फुगेस्तोवर जेवली आणि बिळाच्या तोंडाशीच गाढ झोपली. त्यानंतर त्या घरात कुणी उपाशी निजलं नाही.