येसू कुर्लीची खारफुटी

माणसांच्या भट्ट्यांचा धूर आभाळात साठू लागला, त्या काळची ही गोष्ट. उन्हं कडक झाली, समुद्र फुगला आणि खाडीकाठी खेकड्यांच्या बिळांत भरतीचं पाणी शिरू लागलं. येसू कुर्लीचं बीळ तर दोनदा वाहून गेलं.

खारफुटीची जुनी झाडं होती तिथला चिखल मात्र जागचा हलला नव्हता. ते पाहून येसू झाडांखाली पडलेल्या कोवळ्या शेंगा खायच्या सोडून उघड्या चिखलात नेऊन रोवू लागली.

"सूनबाई, तोंडचा घास चिखलात घालतेस?" तिचे सासरे डेंगाआबा म्हणाले. "झाड वाढेपर्यंत तू असशील का?"

"नसेन, आबा. पण तेव्हाही कुणाला तरी बीळ लागेलच ना."

बाकीच्या खेकड्यांनी तिची निम्मी रोपं कुरतडून खाल्ली. ती पुन्हा रोवत राहिली.

दोन वर्षांनी मोठं उधाण आलं. आबांचं बीळ ढासळलं आणि ते वाहत निघाले, तेव्हा येसूची रोपं त्यांच्या नांगीला लागली. रात्रभर ते तिथेच चिकटून राहिले.

पाणी ओसरल्यावर आबांनी एक शेंग उचलली आणि हळूच विचारलं, "किती खोल रोवायची गं?"