राजेसाहेबांना हुकूम करणार कोण?

शिदू लोहाराला कोठडीत टाकलं, ते एका शब्दापायी. शब्द होता 'गाढवा'. आणि तो त्यानं म्हणावा कुणाला, तर उंबरगड संस्थानचे धनी श्रीमंत जगदेवराव राजेसाहेब यांना!

त्याचं असं झालं, की राजेसाहेबांनी नवी कोरी विलायती सायकल आणली. शिदूचं सायकलदुरुस्तीचं दुकान, म्हणून शिकवायला त्यालाच बोलावलं. पहिल्याच दिवशी राजेसाहेब सायकलीसकट थेट विहिरीकडे निघाले आणि शिदूच्या तोंडून निसटलं, "ब्रेक दाब, गाढवा!" राजेसाहेबांनी ब्रेक दाबला. जीव वाचला. खाली उतरून त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर शिदूला कैद!

दुसऱ्या दिवशी शिदूची लेक हौसा दरबारात उभी राहिली.

"सरकार, माज्या बाला सोडा. त्यानं तुमचा जीव वाचिवला."

"आम्हाला हुकूम केला त्यानं! वर गाढव म्हणाला!" राजेसाहेब कडाडले. "आम्हाला हुकूम करणारा अजून जन्मायचाय!" मग त्यांना स्वतःची अडचण आठवली आणि आवाज जरा खाली आला. "पण आता शिकवणार कोण? पुढच्या आठवड्यात इंग्रज सरकारचे एजंटसाहेब येतायत. त्यांच्यासोबत तळ्यापर्यंत सायकलीनं जाऊ, रस्त्यावरचं इंग्रजी बोलू, असं आम्ही कळवून बसलोय. तुला येतं ते?"

"दुकानातच वाढले मी. छावनीतलं गोरं सोजीर सायकली घिऊन येत्यात. त्येंचे समदे शब्द पाठ हायेत."

"मग तू शिकव! शिकवलंस तर बाप सुटला. पण आमच्या अंगाला हात लावायचा नाही आणि आम्हाला हुकूम करायचा नाही. 'डावीकडे वळा' हासुद्धा हुकूमच!"

"आणि नाही जमलं," दिवाण विसाजीपंत गोड हसून म्हणाले, "तर बापाशेजारची कोठडी रिकामीच आहे."

हौसा बोटांवर अटी मोजू लागली. हात लावायचा नाही, 'वळा' म्हणायचं नाही, 'थांबा' म्हणायचं नाही, आणि शिकवायची काय, तर सायकल!

दिवाणजींना मात्र आपल्या अकलेवर फार भरवसा. हुकूम चालत नाही तर विनंती करावी, असं म्हणून ते स्वतःच सायकलीमागे धावले. "सरकारस्वारींनी, गैरसोय होणार नसेल तर, उजव्या अंगाला वळण्याची मेहेरबानी..." विनंती मेहेरबानीपर्यंत पोचली तोवर सरकारस्वारी वाळत घातलेल्या मिरच्यांत पोचली होती.

राजेसाहेब पायरीवर बसून शिंकत राहिले. हौसा जवळ गेली.

"सरकार, एक इचारू? तुमाला हुकूम कुनीच करायचा न्हाई?"

"कुणीच नाही! आक्छी!"

"आन् तुमी कुनाला करू शकता?"

"वाटेल त्याला! आमचा हुकूम मोडायची छाती आहे कुणाची?"

"मंग तुमी तुमालाच करा की!"

राजेसाहेबांची पुढची शिंक अर्ध्यातच राहिली.

झालं! शिकवणी सुरू झाली. हौसा सायकलीच्या एकेका भागावर बोट ठेवायची आणि शब्द सांगायची. पेडल, हँडल, बेल, ब्रेक. मग रस्त्यावरचे. लेफ्ट, राइट, स्लो, स्टॉप. राजेसाहेबांना इंग्रजीची अशी काही गोडी लागली की दरबारात "दिवाणजी, चेहरा पंक्चर का झालाय?" आणि पंगतीत लाडवांचं ताट पुढे सरकलं की "ओव्हरटेक!"

मैदानात तर मजाच. राजेसाहेब स्वतःलाच दरडावायचे, "पेडल!" आणि पाय फिरायचे. "लेफ्ट!" आणि हात वळायचे. आजवर त्यांचा हुकूम इतक्या झटपट कुणी पाळला नव्हता.

एजंटसाहेब आले. तळ्याचा रस्ता म्हणजे निव्वळ उतार. हौसा आणि गावची माणसं खाली तळ्याशी उभी होती. दोन्ही सायकली वरून सुसाट निघाल्या आणि वळणावर बघतात तो काय, रस्त्याच्या मधोमध म्हैस बसलेली!

एजंटसाहेब कडेनं निसटले. राजेसाहेब सरळ म्हशीवर!

हौसानं पदर तोंडात कोंबला. ओरडावं तर हुकूम, न ओरडावं तर राजा गेला आणि राजासोबत बापाची सुटकाही गेली.

"बेल!" राजेसाहेब ओरडले. बेल वाजली. म्हशीनं एक कान हलवला. "स्लो! स्टॉप!" सायकल ऐकेना. म्हैस हातभर अंतरावर आली आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशी आरोळी उठली, "ब्रेक दाब, गाढवा!"

चाकं करकरली. सायकल म्हशीच्या शिंगाशी थांबली. एजंटसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मागून दिवाणजींचा टांगा येत होता. त्यांना वळणाआडून नुसती आरोळी ऐकू आली होती. ते उडी मारूनच उतरले. "कोण बोललं? सरकारांना गाढव? ही पोरगीच असणार! धरा तिला!"

राजेसाहेबांचे कान लाल झाले आणि ते हँडलाकडे बघत राहिले.

"मी न्हाई म्हनलं," हौसा म्हणाली. "पन ज्येनं म्हनलं त्येला मी वळखते."

"नाव सांग! ह्या क्षणी कोठडीत टाकतो!"

"नक्की?"

"नक्की!"

"मंग बाच्या शेजारची कोठडी झाडून घ्या, दिवानजी. आन् चांगला गालिचा हातरा. सरकारांची गादी तितंच ठिवाय लागंल!"

राजेसाहेब आधी गालात हसले, मग खो खो हसले. उतारावर न पडलेला माणूस, हसता हसता सायकलीवरून धाडदिशी पडला!

"सोडा शिदूला!" ते धूळ झटकत म्हणाले. "आजपासून तो राजवाड्याचा सायकलमिस्त्री! आणि पोरी, तुला काय हवं?"

"ही सायकल."

"बाईमाणूस आणि सायकलवर?" दिवाणजी किंचाळले. "हिला शिकवणार कोण?"

"आम्ही!" राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "हुकूम सोडायची आम्हाला भारी सवय आहे. चल गं, बस सीटवर!"

हौसानं पदर खोचला आणि पेडलवर पाय ठेवला.