चौकटीबाहेरचा गाळ

एका गावात एक तळं होतं, आणि त्या तळ्यावर जीव टाकणारी उत्तरा नावाची एक मुलगी होती. कार्तिक सरत आला की पाणी ओसरायचं, काठाला काळ्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडायचा आणि दूरदेशीचे पक्षी त्या गाळावर उतरायचे. लाल पायांचे शेकाटे चोच खुपसून किडे वेचत फिरायचे. उत्तरा पहाटेच्या धुक्यात पाणकणसांच्या आड पोटावर पडून राहायची. कोपरं गाळात रुतलेली, बोटं गारठलेली, डोळा कॅमेऱ्याला.

फोटोत मात्र ती गाळ येऊ द्यायची नाही. चुकून आलाच, तर घरी बसून कापून टाकायची. मग उरायचं निळं पाणी, कोवळं ऊन आणि पंख.

गंगूबाई त्याच तळ्यात मांडीभर चिखलात उभी राहून शिंगाडे तोडायची. ती ओरडून सांगे, "अगं फोटोवाले, आमचे पाय नको हो घेऊ! बघणाऱ्याला जेवण जायचं नाही."

"नाही घेत, मावशी. कमरेच्या वरच घेते," उत्तरा हसून म्हणायची.

गावानं तळ्यावर प्रेम करावं, त्यात कचरा टाकणं थांबवावं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिनं शाळेच्या पडवीत फोटोंचं प्रदर्शन मांडलं. सारा गाव लोटला. कौतुक करायला पैसे थोडेच पडतात!

सरपंच तर हरखूनच गेले. ग्रामसभेत ते म्हणाले, "पोरी, तुझ्या फोटोंतलं तळं बघ आणि आपलं बघ! काय ती घाण. आता ठरलं. सगळा गाळ उपसायचा, पाणकणसं काढायची, चारी बाजूंनी फरशी. तळ्याचं सुशोभीकरण! आणि फरशीवर तुझे हे फोटो, माणसाएवढे, खाली तुझं नाव. चालेल ना?"

सभा उत्तराकडे पाहू लागली. गंगूबाईही पाहू लागली. गाळ गेला की किडे गेले, किडे गेले की पक्षी गेले, हे उत्तराला पक्कं ठाऊक होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण माणसाएवढे फोटो! आत्ता सगळे इतके खुशीत आहेत, नंतर सरपंचांना एकटं गाठून सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

"छान होईल," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. उन्हाळ्यात यंत्रं आली. 'नंतर' कधी आलंच नाही.

पुढचा कार्तिक सरत आला. उत्तरा पहाटे फरशीवर जाऊन बसली. आडोसा उरला नव्हता आणि लपायचं तरी कुणापासून? धुक्यातून एक थवा आला. तळ्यावर घिरट्या घालू लागला, खाली झेपावला, पुन्हा वर गेला. पाय टेकायला जागा शोधत शोधत तो डोंगरापलीकडे दिसेनासा झाला. त्यानंतर दुसरा आला नाही. उत्तरानं कॅमेरा उचललासुद्धा नाही.

ऊन चढलं तशी माणसं फिरायला आली. तिच्या फोटोंतल्या शेकाट्यांपुढे उभी राहून स्वतःचे फोटो काढू लागली. "काय सुंदर पक्षी! हे कुठे बघायला मिळतात हो?" एकानं उत्तराला विचारलं.

कडेला गंगूबाई वेफर्सची पाकिटं मांडून बसली होती. गाळाशिवाय शिंगाड्याचा वेल आता तळ्यात धरत नव्हता. उत्तराला पाहून तिनं लुगडं घोट्यांच्या वर घेतलं आणि पाय पुढे केले.

"घे, पोरी," ती म्हणाली, "आता काढ आमच्या पायांचे फोटो. स्वच्छ आहेत."

तात्पर्य: जे डोळ्यांना रुचत नाही ते आपण चित्रातून गाळलं, तर लोक ते जगातून गाळतात, आणि खरं ठाऊक असून बोलायच्या घडीला जो गप्प बसतो, त्याचं प्रेमही नाशाच्याच कामी येतं.