बिनोंदोच्या शाळेचं फाटक

"भिंत किती उंच केली म्हणजे भीती आत येणार नाही, लाओसु?"

तान लाओसु पपनस सोलत होते. त्यांनी सालीचा आणखी एक पट्टा काढला.

एव्हलिन याप त्यांच्यासमोर उभी होती. मनिला शहरात बिनोंदो नावाची जुनी चिनी वस्ती आहे, तिथल्या शाळेची ती मुख्याध्यापिका. याच शाळेत शिकली, परदेशातून पदवी घेऊन आली आणि आजवर कुणी बसलं नव्हतं इतक्या लहान वयात त्या खुर्चीवर बसली. याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवायची तिला सवय नव्हती.

समोरच्या म्हाताऱ्याने तिचा हात धरून तिला पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं. लाओसु म्हणजे गुरुजी. निवृत्त झाले, तरी दुपारी येऊन ते लहानग्यांना कुंचल्याने अक्षरं काढायला शिकवत.

"काहीतरी बोला ना..."

"तू ठरवून आली आहेस. मी काय बोलू?"

ती ठरवूनच आली होती.

महिन्यापूर्वी दुसरीतल्या जास्मिनला फाटकासमोरून पळवून नेलं होतं. चिनी व्यापाऱ्यांची मुलं उचलायची आणि खंडणी मागायची, असा सुळसुळाट त्या वर्षी शहरात माजला होता. जास्मिन परत आली, पण आवाज तिकडेच ठेवून आली. आता ती वर्गात भिंतीला पाठ लावून बसे. कुणाची पट्टी खाली पडली तरी बाकाखाली शिरे.

एव्हलिनची झोप तेव्हापासून उडाली होती. काळ्या काचांची गाडी दिसली की तिच्या तळहातांना घाम फुटे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिकेने घाबरून कसं चालेल?

"भिंत वाढवायची," ती म्हणाली. "फाटकावर बंदूकवाले ठेवायचे. आणि..."

"आणि?"

"गल्लीतली मुलं उद्यापासून नकोत."

शाळेला लागून असलेल्या गल्लीतली काही फिलिपिनो मुलंही तिथे शिकत. कुणाचा बाप हमाल, कुणाचा जीपनी ही भाड्याची प्रवासी गाडी चालवणारा. पालक कुजबुजू लागले होते. जास्मिन कधी सुटते, कुठे उभी राहते, ही खबर बाहेर गेलीच कशी?

"पुरावा आहे?"

"भीती आहे, लाओसु. पालकांना तेवढी पुरते."

"आणि तुला?"

एव्हलिनचा आवाज चढला. "ही शाळा आपल्या आजोबांनी उभी केली. तांदूळ विकणाऱ्यांनी, दोरखंड विकणाऱ्यांनी. कुणी विटा दिल्या, कुणी खिळे. परक्या मुलखात आपली भाषा टिकावी, आपली रीत टिकावी म्हणून. युद्धात जपान्यांनी इथे घोडे बांधले. मग आग लागली, नुसती राख उरली. त्यातूनही लोकांनी पुन्हा उभारली. ती कशासाठी? कुणीही यावं आणि आपलं मूल उचलून न्यावं म्हणून?"

"इतिहास पाठ आहे तुझा."

"तुम्हीच शिकवलात."

"दारावर चार चिनी अक्षरं आहेत. तीही मीच शिकवली होती."

"विनय. न्याय. सचोटी. लाज." तिने दाराकडे बघत एकेका अक्षराचा अर्थ वाचला.

"चौथं पुन्हा वाच."

तिने वाचलं नाही. "लाजेने मुलं वाचत नाहीत, लाओसु."

त्यांनी पपनसाची एक फोड तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

घंटा झाली.

दोघं फाटकाशी आले. हल्ली शाळा सुटायची वेळ म्हणजे एखाद्या घरातून प्रेत निघायची वेळ वाटे. पालक गाड्यांची इंजिनं चालू ठेवून बसत. आया मुलांची मनगटं दुखेपर्यंत आवळत. पहारेकरी कुया नोली, म्हणजे नोलीदादा, एकेका मुलाला नावानिशी बाहेर सोडी.

पहिली काही मुलं बाहेर पडली, आणि वळणावरून पांढरी व्हॅन आली.

तिला नंबरपाटी नव्हती.

ती हळूहळू येत होती, घरं शोधत यावी तशी. फाटकासमोर आली आणि थांबली. बाजूचा दरवाजा करकरत सरकला...

"आलेऽ!" एक आई किंचाळली.

मग कुणाला कुणाचं भान राहिलं नाही. दप्तरं पडली. मुलं आत पळाली, पालक मुलांवर कोसळले. एव्हलिनने फाटकाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन ओढली.

"मॅम, थांबा!" नोली ओरडला. "बाहेर पोरं आहेत!"

तिला ऐकू आलं. नंतर कितीही वेळा स्वतःला विचारलं तरी तिचं उत्तर हेच होतं... ऐकू आलं होतं. तरी हात ओढतच राहिले.

लाओसु तिच्या शेजारी, आत उभे होते. फाटक मिटायला वीतभर फट उरली असेल. म्हातारा त्या फटीतून अंग चोरून बाहेर सरकला.

फाटक बंद झालं. अडसर पडला.

गजांमधून एव्हलिनला दिसलं. बाहेर, भिंतीशी, जास्मिन होती. तिला कवेत घेऊन, तिचे दोन्ही कान दाबून मारिसेल उभी होती. मारिसेल गल्लीतली, उद्यापासून नको असलेल्या मुलांतली. आणि दोघींच्या पुढे हात पसरून तान लाओसु. त्यांची विजार पायांवर थरथरत होती. ते भ्यालेले होते, अगदी उघडउघड.

व्हॅनमधून एक माणूस उतरला. त्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं होतं. समोरचा आकांत पाहून त्याचाच चेहरा पांढराफटक पडला.

"कारिन्देर्या... कारिन्देर्या कुठे आहे इथलं?" त्याने चाचरत विचारलं. "खाणावळ हो... तांदूळ द्यायचाय."

लाओसुंनी पसरलेला एक हात तसाच वळवला आणि गल्लीचं दुसरं टोक दाखवलं.

एव्हलिनला अडसर काढता येईना. शेवटी तो नोलीने काढला.

ती रात्र तिने कशी काढली, ते तिचं तिला ठाऊक. सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाबाहेर उभी राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरपाटी ती वाचत होती. पालक आले. एकाने विचारलं, "आजपासून गल्लीतली मुलं नाहीत ना?"

"आहेत," ती म्हणाली. "सगळी आहेत."

तो मुलीला घेऊन माघारी गेला. आणखीही एक-दोघं गेले. एव्हलिन जागची हलली नाही. मारिसेल आली तेव्हा एव्हलिनला तिच्याकडे बघवेना. तिने नुसती तिच्या पाठीवरची पिशवी सरळ केली.

दुपारी लाओसु आले. फाटकाशीच तिने त्यांना थांबवलं. दिमाख कुठल्या कुठे गेला होता.

"तुम्हालाही भीती वाटत होती."

"फार."

"आत होतात. काही झालं नसतं तुम्हाला." "मग शाळा सोडून बाहेर का गेलात, लाओसु?"

जास्मिन आणि मारिसेल काल जिथे उभ्या होत्या, त्या भिंतीकडे म्हाताऱ्याने बोट दाखवलं.

"सोडून? मी तर शाळेत गेलो होतो."