चुलीमागचा कोपरा

"महाराज, माझ्या खोलीत खड्डे कुणी खणले?"

विश्वंभर आंघोळ करून आला होता. ओला पंचा खांद्यावर तसाच. सारवलेली जमीन सगळी उकरलेली, आणि जिथं तो अंथरूण घालायचा, तिथं गिरिपुष्पाची रोपं लावलेली.

त्याचे गुरू सोमगीर महाराज कुदळीची माती पुसत होते.

"मी खणले."

"का?"

"जागा रिकामी होती."

"रिकामी? अहो, मी राहतो इथं!"

"मी आलो तेव्हा कुणी दिसलं नाही. पडीक वाटली."

पडीक हा शब्द विश्वंभरचाच होता, समोरच्या माळासाठी वापरलेला...

मठापासून डोंगरापर्यंत सगळा उघडा माळ. गवत, काळवीट, लांडगे, आणि आता क्वचितच दिसणारा माळढोक पक्षी. त्याची मादी भुईवरच अंडं घालते, चहूकडे लांबवर नजर पोचेल अशा जागी. विश्वंभर नावाच्या या शहाण्यानं त्या अख्ख्या माळावर खड्डे खणून हीच गिरिपुष्पाची झाडं लावली, तीही गुरूंच्या नावानं! वर सत्कार करून घेतला, हार घालून घेतले. आणि पक्ष्यासाठी काय? कडेला एक तुकडा, त्याला तारेचं कुंपण आणि पाटी. काय म्हणावं या कर्तबगारीला!

काल संध्याकाळी माळावरच्या अशाच एका खड्ड्याच्या कडेला महाराजांना माळढोकाचं फुटलेलं अंडं सापडलं. मादी कुठंच दिसली नाही.

"महाराज, झाडं लावणं पाप आहे का?"

महाराजांनी झोळीत हात घातला. अंड्याचं टरफल त्याच्या तळहातावर ठेवलं.

"त्या मादीला सांग, तू पुण्य केलंस म्हणून."

विश्वंभर टरफलाकडं बघत राहिला.

"पण मी त्या पक्ष्यांना जागा ठेवली होती," तो शेवटी पुटपुटला.

"मग तुलाही ठेवलीय की! चुलीमागं बघ."

चुलीमागच्या कोपऱ्यात त्याची वळकटी उभी करून ठेवली होती. भोवती तार गुंडाळलेली. तिथं धड पाय पसरायलाही जागा नव्हती.

"एवढ्याशा जागेत माणूस जगेल कसा, महाराज?"

महाराज दारातून माळाकडं बघत राहिले...

"पाटी लावू. लोक येतील बघायला."