हसाजीचा न संपणारा शनिवार

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात हसाजी नावाचा तेली राहायचा. आपल्यातलाच, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. शनिवारी त्याचा घाणा बंद, चूल बंद, विहिरीवरून पाणीसुद्धा आणायचं नाही. म्हणून गाव त्याला शनवारतेली म्हणायचं. घरात तो, त्याची बायको मिलकाबाई आणि घाण्याचा बैल ढवळ्या. बरं चाललं होतं त्यांचं.

मग त्या वर्षी गावात भलतंच झालं. बुनाजीने जन्मात कुणाचं वाईट केलं नव्हतं, तो ऐन तिशीत तापाने गेला. रूबेनजी एवढा धट्टाकट्टा, तो जेवता जेवता पाटावर कलंडला. आणि तो इसाजी, मापात मारणारा, सुनांना छळणारा, तो नव्वदीत दातांनी ऊस सोलून खात होता! ठणठणीत, बरं का. हसाजीच्या काळजात धस्स झालं. मरणाला काही धरबंधच नाही, मग माझी पाळी कधी? उद्या? की आत्ताच? घास गोड लागेना. पडवीत येरझारा, अंगणात येरझारा. ढवळ्या परवडला, तो निदान दमल्यावर बसायचा तरी.

मग त्याच्या डोक्यात एक वेड शिरलं. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला ना? मग देवाचा चाकर, तो मरणाचा दूत, त्यालाही शनिवारी सुट्टी असणारच. आपण शनिवार संपूच दिला नाही तर? हसतेस काय गं, घाबरलेला माणूस असाच विचार करतो.

शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की आपला शनिवार उठतो, म्हणजे संपतो. त्या संध्याकाळी हसाजीने खिडकीच लावून घेतली.

"कुठल्या चांदण्या? मला नाही दिसत!"

मग दुसऱ्या दिवशी मिलकाबाई म्हणाली, "अहो, घाणा जुंपा." तर हा म्हणाला, "आज शनिवार." तिसऱ्या दिवशी बायका तेलाला आल्या, रिकाम्या बुधल्या घेऊन परत गेल्या. ढवळ्या तर सवयीने गोठ्यातच गोल गोल फिरायला लागला. चौथ्या दिवशी घरात पाण्याचा थेंब उरला नाही. मिलकाबाई भडकली. तिने सगळे घडे दणादण पालथे घातले आणि शेजारी जाऊन बसली.

आता बघा हं, आपल्यात घरात कुणी वारलं की काय करतात? भरलेलं पाणी ओतून देतात, चूल पेटवत नाहीत.

मग भर दुपारी मरणाचा दूत आला. हसाजीकडेच आला होता. दारातून त्याने आत डोकावलं. घडे पालथे, चूल गार, घाणा मुका. हसाजी कणगीमागे श्वास रोखून बसलेला.

"अरेच्चा," दूत म्हणाला, "या घरी मी येऊन गेलो वाटतं." आणि वळला की!

आता हसाजीला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तो वाचला होता. पण त्याला ते शब्द असे लागले, असे लागले, की रडूच फुटलं. माझ्या घरात माझी एवढीही खूण नाही? मेलेल्याचं घर आणि माझं घर सारखंच? तो धडपडत बाहेर धावला.

"अहो! थांबा! मी आहे! मी जिवंत आहे!"

दूत थांबला. "वेड्या, गप्प राहिला असतास तर मी पुन्हा कधीच आलो नसतो."

"तुम्हाला शनिवार नसतो?"

"मला कुठला शनिवार? आता एकदा पाठ फिरवली, आज नेत नाही. पण येईन."

"कधी?"

"ते मलाही त्याच दिवशी सकाळी कळतं," दूत म्हणाला आणि गेला.

 हसाजीने घडा उचलला आणि विहिरीवर गेला. मिलकाबाई शेजारच्या ओट्यावरून बघतच राहिली. मग तिने घरी येऊन चूल पेटवली, त्याने ढवळ्याला जुंपलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका तेल घेऊन गेल्या. त्या दिवशी गूळखोबरं घातलेले पोहे दोघांनी पोटभर खाल्ले.

मग हसाजी किती वर्षं जगला? त्याने मोजलं नाही, मग मी कशी सांगू? भीती मात्र त्याची पुरती गेली नाही बरं का. अधूनमधून यायची, मग तो घाण्यात आणखी मूठभर तीळ घालायचा. एका मंगळवारी दूत आला. घाण्यात तीळ अर्धेच पिळून झाले होते. हसाजी म्हणाला, "एवढे संपवतो." दूत म्हणाला, "नाही." मग हसाजीने ढवळ्याच्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

उरलेले तीळ मिलकाबाईने पिळले. रडत रडत पिळले, पण पिळले. ते तेल गावाला पुरलं आणि सगळी सुखाने नांदली. बास, आता कुणी कूस बदलायची नाही. मिटा डोळे.