जुन्या मापाचा अंगरखा

राजा गंभीररावाने एकदा दिलेला निवाडा बदलत नसे. चुकला असेल, तर मुळीच बदलत नसे. नेमकी हीच गोष्ट अंबू शिंपिणीच्या मुळावर आली होती.

तीन वर्षांपूर्वी अंबू आणि कोंडाजीचा काडीमोड झाला, तेव्हा अंबू तापाने अंथरुणाला खिळलेली. म्हणून राजाने दोन वर्षांची तानी बापाकडे दिली. आईने फक्त पौर्णिमेला येऊन तिला मऊ भात भरवावा, असा हुकूम केला. आता अंबू खडखडीत बरी होती. कोंडाजी माल लादून महिना महिना बाहेर आणि तानी शेजाऱ्यांच्या ओसरीवर. पोरगी एरवी ठेचा-भाकरी खाई, पण पौर्णिमेला हुकूम पाळला जातो का ते बघायला येणाऱ्या कोतवालासमोर मऊ भात गिळे. अंबूचा जीव तुटे.

शेवटी दोघे दरबारात आले.

"महाराज, तानीला अंबूकडे राहू द्या," कोंडाजी म्हणाला. "गावात असेन तेव्हा मी भेटत जाईन. आमचं दोघांचं एकमत आहे."

"एकमत होतं, तर काडीमोड कशाला घेतलात?"

"तानी सोडून बाकी सगळ्यावर भांडण होतं, महाराज."

"शिक्क्याचा हुकूम बदलत नसतो," राजा म्हणाला. "आमच्याच तोंडून 'बदल' असं वदवा, मग बघू. दसऱ्यापर्यंत मुदत."

अंबूने मुजरा केला आणि दसऱ्यासाठी बाळराजांचा अंगरखा शिवायचे काम मागून घेतले.

दरबारात मापाची दोरी असे. बाळराजांच्या अंगाची मापे तिच्यात गाठी मारून ठेवलेली, वर राजाचा शिक्का. आजवरचे शिंपी दोरीला नमस्कार करत आणि गुपचूप वाढत्या अंगाचे शिवत. अंबूने दोरीबरहुकूम शिवले.

दसऱ्याला सोने लुटायला सगळे खोळंबले आणि आठ वर्षांच्या बाळराजांचा हात बाहीत कोपरापाशी अडकला.

"हे काय शिवलंस?" राजा कडाडला.

"शिक्क्याचं माप, महाराज. सुताचाही फरक नाही."

"अगं, ती दोरी तीन वर्षांपूर्वीची! पोर वाढलं की नाही?"

"वाढलं. शिक्का नाही वाढला."

"मग बदल ती दोरी! पोराकडे बघून शिवायचं की दोरीकडे?"

"पोराकडे बघून, महाराज." अंबूने तानीला पुढे केले. "हिचा हुकूमही त्याच सालचा आहे."

राजाने तानीकडे पाहिले, मग अडकलेल्या बाहीकडे.

"मला मऊ भात नको," तानी म्हणाली.

राजा आधी मिशीत हसला, मग पोट धरून. तिथेच नवा हुकूम निघाला: तानी आईकडे राहील, बाप गावात असेल तेव्हा तिला भेटेल, आणि दर दसऱ्याला दोघांनी तिला घेऊन यावे, माप पुन्हा घेतले जाईल.

"आणि हा जरीचा अंगरखा तुझ्या लेकीला बक्षीस!"

तो तानीला अगदी चपखल बसला. तो योगायोग होता, असे अंबू शेवटपर्यंत सांगत राहिली.